पाट्याचे पाणी

मराठी शिकविण्याच्या व्यवसायात ‘पोलादी’ हे विशेषण मी किती वेळा वापरले असेल, याची गणती नाही. पोलादी शिस्त, पोलादी मन, पोलादी पकड. परंतु लोखंड आणि पोलाद यांतला नेमका भेद मला कळला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, परसातल्या भट्टीपुढे. आणि तोही एक सुरी मोडल्यानंतर.

भेद आहे कार्बनचा, आणि तोही शेकडा एक भागाच्या आतबाहेर. खिडकीच्या गजात तो ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. धार धरून ठेवणाऱ्या पात्याला निदान ०.५ टक्के तरी हवा. एक टक्क्यापर्यंत गेला तर उत्तम. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच दिसतात, सारखीच गंजतात आणि भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडलेली असतात.

सुरी घडविण्याचे वेड कुठून आले हे सांगणे अवघड आहे. हाताने काहीतरी करावे, एवढेच मनात होते. विटा आणि माती लिंपून भट्टी झाली. ऐरण मिळेना. रुळाचा तुकडा या कामाला उत्तम असे सगळेच सांगतात; परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगणारा कोणी भेटत नाही. अखेर बाभळीच्या ओंडक्यात एका जुन्या घणाचे डोके पक्के बसवले. त्यावर आजवर चालले आहे.

खरी अडचण पोलादाची. व्यापारी अख्खी सळई विकतो, मला हवा वीतभर तुकडा. म्हणून कराडला महामार्गालगत जी भंगाराची दुकाने आहेत, त्यांच्या दारात मी रविवार घालवू लागले. पहिल्या खेपेस जाडजूड, देखणी पट्टी घेऊन आले. गल्लीच्या टोकाच्या लोहाराने ती फिरत्या सहाणेला क्षणभर टेकवली. लांब, सरळ ठिणग्या उडाल्या, जवळजवळ न फुटताच विझल्या. “बाई, हे मऊ लोखंड. ह्याला पाणी चढत नाही,” तो म्हणाला. मग स्वतःजवळची झिजलेली कानस टेकवली. ठिणग्या दगडापासून वीतभरावरच फुलबाजीसारख्या फुटल्या. ठिणगी फुटते ती कार्बनमुळे. इतके सरळ वाचन मी कोणत्याही संहितेचे केलेले नाही.

स्वस्त आणि चांगले असे तीनच जिन्नस त्याने सांगितले. झिजलेली कानस, जिच्यात कार्बन टक्क्याच्या आसपास असतो. पण काही हलक्या कानसींना नुसते वरवरचेच काठिण्य दिलेले असते. बेअरिंगचे कडे, तेही तितक्याच कार्बनचे, वर क्रोमियम. पण ते हातोड्याला सहज दाद देत नाही. आणि ट्रकचा पाटा. पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, तो मुळातच चपटा असतो आणि या भागात तो भरपूर मिळतो. ऊसतोडीचे कोयते बहुधा याच पाट्यांचे होतात. म्हणजे ज्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून मी छंदासाठी साठ रुपये किलोचे पन्नास करा म्हणून घासाघीस करीत होते, त्याच ढिगाऱ्यावर लोहाराचे पोट होते. हे त्याने कधी बोलून दाखविले नाही. पुढच्या खेपेपासून मी घासाघीस बंद केली. त्याने काही फरक पडला असेल असे नाही.

पाटा घरी आणला तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. माझे वडील एकतीस वर्षे एसटीचे चालक होते. त्यांनी चष्मा वर करून पाटा पाहिला आणि विचारले, “तुटका आहे का?” एका टोकाला तुटलेला होताच, म्हणून तर भंगारात आला. “तुटलेल्या पाट्याची सुरी करू नये,” ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. मला तो निव्वळ अपशकुनाचा भाग वाटला.

सुरी घडायला तीन रविवार लागले. ते वर्णन करीत नाही. हौशी माणसाच्या हातोड्याचे वर्णन त्याच्या शेजाऱ्यांनीच करावे. आकार आला, आणि उरले पाणी देणे. तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करायचे, या क्रियेला आपली भाषा ‘पाणी देणे’ म्हणते. पाणीदार, पाणी जोखणे हे शब्दप्रयोग वर्गात सांगताना मी नेहमी ऐरणीकडे बोट दाखवीत आले आहे (मोत्यालाही पाणी असते, हे सोयीस्करपणे विसरून). लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांपर्यंत, पाते तापविले. त्याहून थोडे अधिक लाल होऊ दिले आणि बादलीत बुडविले. पाण्यात. टिंग असा बारीक, जवळजवळ गोड आवाज झाला. पात्याला मध्यावर केसासारखी रेघ होती, आणि हलका दाब देताच त्याचे दोन तुकडे झाले.

लोहाराला सांगितले तेव्हा तो हसला. पाट्यात इतर धातूंची भेसळ असते, ते पोलाद पाण्याच्या धक्क्याने तडकू शकते. त्याला कोमट तेल द्यावे. तो स्वतः पाणीच वापरतो, पण केवळ धारेपुरते, क्षणभर; पाठीत उरलेली धग मग धारेचा ठिसूळपणा उतरविते. ते हाताचे काम, बादलीचे नव्हे. म्हणजे मी शब्दावर विसंबले आणि शब्दाने मला बुडविले, अशी माझी समजूत झाली. एखाद्या लेखाला पुरेल इतकी ती आकर्षकही होती.

अण्णांनी दोन्ही तुकडे मागितले. मोडलेली कड उन्हात धरून बराच वेळ पाहिली. “इथं बघ.” कडेचा बहुतेक भाग उजळ, करडा, बारीक रव्याचा होता, पण पाठीकडे नखाएवढा एक काळा डाग होता. ताजी मोड काळी असत नाही. काळी होते ती आधीच उघडलेली भेग, जी गंजली आहे किंवा भट्टीची धग खाऊन आली आहे. “हा रस्त्यावरच गेला होता,” ते म्हणाले. “पाण्यानं फक्त सांगितलं.”

मग ते स्वतःहून बोलू लागले, आणि हे आमच्या घरात क्वचित घडते. १९८७चा पावसाळा, चिपळूणहून येताना कुंभार्ली घाट, रात्रीची वेळ. मागचा मुख्य पाटा तुटला आणि गाडी एका अंगावर कलली. माणसे झोपेत होती. त्यांनी कोणाला उठविले नाही. पहिल्या गिअरवर घाट चढवून गाडी वर आणली, आणि मग उतरून चाकाशी बसून राहिले. सकाळी पाहिले तर तुटलेल्या पाट्याची निम्मी मोड काळी होती. “म्हणजे कित्येक दिवस मी अर्ध्या पाट्यावर माणसं नेत होतो.” त्या वेळी मी दहावीत होते. आम्हांला हे कोणी सांगितले नव्हते. आईला ठाऊक होते का, हे विचारायला आता आई नाही.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर भंगाराच्या दुकानात आले. “ताई, आज काकांना आणलंय?” म्हणत दुकानदाराने खुर्ची दिली; ते बसले नाहीत. ढिगाऱ्यातून एकेक पाटा उचलायचा, भोकात सुतळी ओवून मला अधांतरी धरायला लावायचा आणि बोल्टने ठोकायचा. इंजिनाच्या बाजूचा त्यांचा डावा कान केव्हाच गेला आहे; म्हणून उजवा कान पाट्याशी नेऊन, डोळे मिटून ऐकायचे. पहिला बद्द वाजला. दुसराही. तिसऱ्याचा आवाज बराच वेळ टिकला. त्यांनी मान हलविली, पुन्हा एकदा ठोकला आणि दुकानदाराला म्हणाले, “हा तोला.” पावणेचार किलो भरला.