शिवोलीच्या नदीवरील फुलांची मिरवणूक

मुंबईच्या उपनगरांतील व्यापारी कुटुंबांची पावसाळी सहल सहसा लोणावळा-माथेरानच्या पलीकडे जात नाही. गोवा आठवतो तो दिवाळीनंतर, समुद्र शांत झाल्यावर. त्यामुळे दरवर्षी २४ जून रोजी बारदेश तालुक्यातील शिवोली गावी फुलापानांनी शृंगारलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मुलुंडचे एक तीन पिढ्यांचे कुटुंब लेक-जावयासह ठाण्याहून कोकण रेल्वेने थिवीस उतरले, तेव्हा त्यांच्या मनातही उत्सवापेक्षा पावसातील हिरवा कोकणच अधिक होता. मिरवणुकीचे निमंत्रण मिळाले ते शिवोलीच्या एका परिचित घराकडून.

हा सण सांजावचा, म्हणजे संत योहानाच्या जन्मदिनाचा. मरिया आपल्या नात्यातील एलिझाबेथ हिच्या भेटीस गेली, तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली, अशी बायबलमधील कथा आहे. ते बाळ म्हणजे योहान. त्या उडीची आठवण म्हणून गोव्यातील ख्रिस्ती तरुण या दिवशी पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाचा या दिवशी विशेष मान असतो. त्याला सासरी बोलावून फळफळावळ देतात, डोक्यावर फुलांचा मुकुट चढवतात. म्हणूनच लोक या दिवसाला ‘जांवयांचें फेस्त’ असेही म्हणतात. आपल्याकडील दिवाळसणाची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

गोव्याचा प्रसिद्ध कार्निव्हल याहून निराळा. तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. पणजीत मांडवीकाठी मोमो राजाच्या आगमनासह चित्ररथ निघतात, पण फुले तेथे केवळ सजावटीपुरती. फ्रान्समधील नीस शहरात, भूमध्य समुद्राच्या काठी, १८७६ पासून कार्निव्हलच्या दिवसांत ‘फुलांची लढाई’ होते. रथांवरून प्रेक्षकांवर फुले उधळली जातात. शिवोलीत फूल फेकले जात नाही, ते मस्तकी धारण केले जाते.

या मुकुटाला ‘कोपेल’ म्हणतात. यजमानीणबाईंनी जावयासाठी एक कोपेल आणून पुढे केले आणि घरात क्षणभर शांतता पसरली. सर्वांची दृष्टी आजींकडे वळली. आजी अनेक वर्षे जिनमंदिरात अंगरचनेसाठी फुले गुंफत आल्या आहेत. फूल हाही एकेंद्रिय जीव. म्हणून त्याला सुई टोचू नये, पाकळी मोडू नये, सैल गाठीने ते दोऱ्यात धरावे, हा तेथील दंडक. शृंगारासाठी फूल माळणे त्यांनी कधीच सोडून दिले होते.

आजींनी कोपेल हाती घेऊन उलटसुलट पाहिले. रानवेल वाकवून केलेले कडे, त्यावर नेच्यांची पाने, आणि वेलीच्याच तंतूंनी गुंडाळून धरलेली जास्वंदी. त्यात सुई नव्हती, तारही नव्हती. “तोडलेले फूल ते तोडलेलेच,” त्या सुनेला हळूच म्हणाल्या, “पण या माउलीने प्रेमाने दिलेला मान परत करणे, हेही दुखावणेच की.” मग त्यांनी स्वतःच्या हातांनी ते कोपेल जावयाच्या मस्तकी ठेवले. स्वतःसाठी पुढे केलेले दुसरे मात्र त्यांनी हात जोडून नाकारले. विहिरीत उडी घेण्याचा आग्रह झाला तेव्हा जावईबापूंनीही नम्रपणे नकार दिला. यजमानांनी दोन्ही नकार हसतमुखाने स्वीकारले.

दुपारी मंडळी परेरवाड्यातील कपेलापाशी गेली. शापोरा आणि झोर या बाजूंकडून होड्या येऊ लागल्या. काही एकेकट्या, काही जोडून बांधलेल्या. काठांवर झावळ्या, पताका आणि फुले. आत कोपेल घातलेले तरुण आणि घुमटांचा ठेका. घुमट म्हणजे मातीचे दोन तोंडांचे वाद्य. त्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता तेथे बकऱ्याचे कातडे वापरले जाते. हे कळल्यावर आजींचे समाधान अर्धेच झाले.

त्यांना अधिक भावली ती दुसरी गोष्ट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला शासनाची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. थोड्याच अंतरावर शापोऱ्याच्या मुखाशी समुद्र खवळलेला, मोठ्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि नदीत मात्र फुलांच्या होड्या. साधु-साध्वींचा विहार थांबवणारा चातुर्मास काही दिवसांवर आला होता. पावसाळ्यात जीवसृष्टी वाढते, म्हणून माणसाने आपली पावले आवरावीत, हा विचार आजींना नवा नव्हता. येथे जाळी आवरलेली होती, एवढाच फरक. कारण वेगळे, हेतूही वेगळा. तरी आवरण्याचे दिवस तेच.

या सणाचे रूप बदलत आहे, हेही दिसल्यावाचून राहिले नाही. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या फुलांचे मुकुट विकायला होते. विहिरींची जागा हॉटेलांचे तरणतलाव घेऊ लागले आहेत. मद्याचा वावर या दिवशी सर्वत्र असतो, तेव्हा लहान मुलांसह जाणाऱ्यांनी परिचिताच्या घरी उतरावे, विहिरीच्या काठापासून मुलांना दूर ठेवावे आणि चोविहार पाळणाऱ्यांनी जेवणाची सोय आधीच करून ठेवावी. जूनअखेरीस तेथे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, पण ढगांमुळे वेळेचा अंदाज येत नाही.

मुलुंडच्या मंडळींनी साडेसहालाच यजमानांच्या ओसरीवर थेपले आणि खाखऱ्यांचे डबे उघडले. नदीकडून घुमट ऐकू येतच होते. यजमानीणबाईंनी खाखरा चाखून त्याची कृती विचारली, आणि आजींनी सावकाश ती सांगितली.