थाई भगिनींचा साबाय आणि आपले लुगडे

वेरूळ-अजिंठ्याला निघालेले थायलंडचे यात्रेकरू छत्रपती संभाजीनगरात मुक्कामाला असतात. काही जण विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांवरही येतात. आपल्या कुटुंबांना ही लेणी घरच्यासारखी. पण तिसऱ्या लेण्यात अगदी गाभाऱ्यापर्यंत जाणारे थोडे. तेथे बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना उपासक-उपासिका गुडघे टेकून, हात जोडून बसले आहेत, जवळजवळ माणसाएवढे. उपासिकांची केशरचना आणि दागिने शिल्पकाराने मोठ्या निगुतीने कोरले आहेत. दगडातल्या या बाया कोणत्या घरच्या, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण बुद्धासमोर नीटनेटके यायचे, ही रीत त्यांना ठाऊक होती.

थाई स्त्रियांच्या समारंभी पोशाखात एका खांद्यावरून तिरके घेतलेले वस्त्र असते. त्याला साबाय म्हणतात. कमरेला पायघोळ फा सिन. जुन्या काळी तेथील बायका चोंग क्राबेनही नेसत. त्यात वस्त्राचा पीळ पायांमधून मागे नेऊन खोचतात. आपल्या नऊवारीच्या कासोट्याचीच बहीण म्हणा ना! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने हे सारे मागासलेले ठरवून बायकांना टोप्या आणि झगे घालायला लावले. पुढे १९६० मध्ये राजाबरोबर युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघताना राणी सिरिकित यांना प्रश्न पडला, की आपल्या देशाचा म्हणून पोशाख कोणता? जुनी चित्रे, छायाचित्रे धुंडाळून आठ प्रकार ठरवले गेले. त्यांना राजवाड्यांची, महालांची नावे दिली. त्यातला ‘दुसित’ म्हणजे आपला तुसित लोक! ‘रुआन तोन’ हा साधा, सुटसुटीत प्रकार कठिन चीवरदानासारख्या पुण्यकर्मालाही चालतो. राणीने १९७६ मध्ये काढलेल्या प्रतिष्ठानामुळे ईशान्येकडच्या गरीब खेड्यांतील विणकर बायांच्या रेशमाला बाजार मिळाला, हे मला आठ प्रकारांहून मोलाचे वाटते. या राणीचे २०२५ मध्ये निधन झाले.

हे झाले राजवाड्यातून खाली आलेले. आपल्याकडे पोशाख बदलला तो तळातून. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले, की तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि हातागळ्यातले ढीगभर दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. अनेकींनी तेथेच घोट्यापर्यंत लुगडे नेसून दाखवले. गुडघ्याखाली वीतभर कापड सोडायचे, त्यालाही त्या काळी छाती लागत होती. गावकुसात मार खायची तयारी लागत होती.

पांढऱ्या साडीचेही तेच. ‘सवाशिणीने पांढरे कशाला?’ असे शेजारणी अजून विचारतात. त्यांना सांगावे, की उपोसथाच्या दिवशी थायलंडमध्येही उपासिका पांढरेच नेसतात, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपली माणसे पांढऱ्या वस्त्रांतच दीक्षेला उभी होती. त्यासाठी रेशीम लागत नाही. धुतलेले सुती लुगडे पुरते. थाई बायकांचे पाहून कोणी कर्ज काढून भरजरी घेऊ नये.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी लेण्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या साड्यांची रीघ लागते. तिसऱ्या लेण्यातील उपासिका नीट पाहायच्या असतील, तर एरवी एखाद्या सकाळी मुलींना घेऊन जावे. गाभाऱ्यात अंधार असतो. बॅटरी बरोबर ठेवावी.