खरखरीचा शोध

घरांतील वडील माणसांचे आवाज जतन करून ठेवावे, ही इच्छा हल्लीं पुष्कळ कुटुंबांत उत्पन्न झालेली दिसते, आणि ती सर्वथैव स्तुत्य आहे. चित्र भिंतीवर राहतें, अक्षर वहींत राहतें. आवाज मात्र माणसाबरोबर जातो. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला तेव्हांपासून हें जाणें अटळ राहिलें नाहीं. आतां तर एक मायक्रोफोन, पानाच्या डब्याएवढी यूएसबी ऑडिओ इंटरफेस नांवाची पेटी आणि मुलांपैकीं कोणाचा तरी लॅपटॉप, एवढ्या सामग्रीवर घरच्या घरीं उत्तम ध्वनिमुद्रण होऊं शकतें. होऊं शकतें, असेंच म्हटलें पाहिजे. कारण पहिल्या दिवशीं पुष्कळांच्या पदरीं आजीच्या आवाजाहून खरखरच अधिक पडते.

आमच्या वडील भगिनीस, जिला सारें घर अक्का म्हणतें, आतां ८४ वें वर्ष चालू आहे. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, चातुर्मासांतील कहाण्या, स्तोत्रें, सर्व तिला मुखोद्गत. स्तोत्रें छापलेलीं मिळतात. परंतु ओव्यांपैकीं कित्येक आमच्या आजीनें माहेराहून आणलेल्या, आणि कित्येकींत तर आमच्याच घरचीं माणसें, आमचीच विहीर व आमचीच गाय आहे. त्या कोठेंहि लिहिलेल्या नाहींत. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचें जें कार्य आरंभिलें, त्यांत लाखाहून अधिक ओव्या जमल्या; तें कार्य वंदनीयच आहे. पण आमच्या माजघरांतली ओवी आमच्याखेरीज कोण उचलणार? गेल्या वर्षापासून अक्काचा श्वास तिसऱ्या चरणाशीं अडूं लागला आहे. तेव्हां हें काम पुढें ढकलण्यासारखें नव्हतें.

खरखर हा शब्द आम्ही सोयीसाठीं वापरतों. वस्तुतः तिच्यांत तीन-चार निरनिराळे आवाज एकत्र नांदत असतात व त्यांच्या कारणांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नसतो. दुकानदार यावर नवी पेटी घेण्याचा सल्ला देतो. आम्हांस मात्र न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची आठवण झाली. जें असतां कार्य होतें व जें नसतां होत नाहीं, तें त्याचें कारण. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट काढावी किंवा घालावी, अर्धें मिनिट नुसत्या शांततेचें मुद्रण करावें व हेडफोन लावून ऐकावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या कीं ज्ञान होत नाहीं, केवळ सुटका होते, आणि तीहि चार दिवसांची.

प्रथम चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालविला. तत्क्षणीं खालच्या पट्टींतील घुमणें थांबलें. चार्जर लावतांच पुनः सुरू झालें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून तिचें घुमणें ५० वर व त्याच्या पटींत, १०० वर, १५० वर, ऐकूं येतें. विजेच्या मिस्त्रीस बोलाविलें तेव्हां असें निघालें कीं, माजघरांतील त्या सॉकेटला भोकें तीन होतीं, परंतु तिसऱ्याच्या मागें अर्थिंगची तारच नव्हती! जुन्या वाड्यांतून ही गोष्ट विरळा नाहीं. तार घातल्यावर घुमणें पुष्कळ कमी झालें. उरलें तें पलीकडच्या खोलींतील सॉकेटवर चालणाऱ्या स्पीकरांमुळें. दोन ठिकाणीं जमिनीशीं जोडलेलीं यंत्रें एकमेकांसहि तारेनें जोडलीं म्हणजे एक वेटोळें तयार होतें, व त्यांतून फिरणारा अल्पसा प्रवाह मुद्रणांत गुणगुणूं लागतो. सगळीं यंत्रें एकाच बोर्डावर आणतांच ती गुणगुण गेली. येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कांहीं उतावीळ लोक यावर तिसरी पीन काढून टाकण्याचा उपाय सुचवितात. त्यानें घुमणें कधीं कधीं जातें हें खरें. पण त्याबरोबर घरच्या माणसांचें संरक्षणहि जातें. असला प्रयोग कोणींहि करूं नये.

मधूनमधून होणारी तडतड निराळी. तिचा संबंध लॅपटॉपच्या व्यग्रतेशीं. पेटी सेकंदास ४८,००० नमुने पाठवीत असते. ते बफर नांवाच्या लहानशा सांठ्यांत जमतात व तेथून उचलले जातात. नळाखालीं तांब्या ठेवावा आणि उचलणाऱ्यानें दुसऱ्या कामांत गुंतावें, तर पाणी सांडणारच. तांब्याच्या जागीं घागर ठेवली, म्हणजे १२८ नमुन्यांचा बफर ५१२ चा केला, आणि सांडणें थांबलें. यायोगें कांहीं सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो. परंतु अक्काला स्वतःचा आवाज यंत्रांतून ऐकावयाचा नसल्यामुळें त्याची क्षिति नाहीं. पेटी मधल्या हबाला न लावतां थेट लॅपटॉपला लावावी, हेंहि याच ओघांत सांगून ठेवतों. यूएसबी २ च्या तोंडांतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावयाचा, आणि त्यांतूनच पेटीनें मायक्रोफोनाकरितां ४८ व्होल्ट निर्माण करावयाचे. त्यांत माउस व पेनड्राइव्ह वांटेकरी झाले कीं पेटीची उपासमार होते.

राहिली ती पावसाच्या सरीसारखी एकसारखी सूं सूं. मायक्रोफोन अक्कापासून दोन हात दूर होता आणि तेवढें अंतर भरून काढण्यासाठीं पेटीवरील गेनचें बटण पार उजवीकडे फिरविलेलें होतें. आवाजाबरोबर पेटीची स्वतःची कुजबुजहि मग वाढते. अंतर निम्में केलें तर तोंडून येणारा आवाज मायक्रोफोनापाशीं सुमारें दुप्पट होतो, म्हणून बटण खालीं आणतां येतें. पण हें अक्काला पटविणें विजेच्या तारेहून कठीण गेलें. "अरे, हें काय तोंडासमोर आणून ठेवलेंस? मला काय व्याख्यान द्यायचें आहे?" शेवटीं मायक्रोफोन एका बाजूस, वीतभर अंतरावर ठेवून त्यापुढें तिच्याच जुन्या पातळाचा तुकडा ताणून बसविला. पातळ ओळखीचें असल्यामुळें तिची तक्रार मिटली, आणि प, फ यांचे फुत्कारहि त्यांत अडले.

हा सारा खटाटोप चालू असतां आमचा पुतण्या, जो स्वतः इंजिनियर आहे, हंसत होता. "काका, तुम्ही उगाच शिणतां. आहे तसें रेकॉर्ड करा. खरखर मी नंतर सॉफ्टवेअरनें धुऊन काढतों." त्यानें पहिल्या दिवसाच्या खराब मुद्रणावर तो प्रयोग करूनहि दाखविला. खरखर खरोखरच गेली. आम्हीं तें अक्काला ऐकविलें. तिनें दोन ओव्या निमूटपणें ऐकल्या आणि म्हणाली, "ही मी नव्हे रे. माझ्यासारखी कोणी बाई आहे."

तिच्या म्हणण्याचा उलगडा आम्हांस संध्याकाळीं पुनःपुन्हां ऐकल्यावर झाला. श, ष, स, ह यांस शिक्षाकारांनीं ऊष्म वर्ण म्हटलें आहे. त्यांत स्वरासारखा नाद नसून प्रामुख्यानें घांसून निघणारा श्वास असतो. विशेषतः सकाराची शक्ति सेकंदास चार-पांच हजार कंपनांपासून पुढें पसरलेली असते, आणि सूं सूं तर सर्वत्रच पसरलेली. यंत्राला दोहोंतील भेद कळावा कसा? त्यानें सूं सूं पुसतांना अक्काचे सकार बोथट केले, विसर्ग गिळले आणि दोन चरणांमध्यें ती जो श्वास घेते तोहि काढून टाकला. त्या श्वासावरच तर जात्याची फेरी पुरी होते! पुतण्यास हें दाखविलें तेव्हां त्यानें वाद घातला नाहीं. त्याची विद्या निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ५० आवर्तनांचें जें किंचित् घुमणें अजून शिल्लक आहे, तें तो नेमकें तेवढेंच कापून काढतो, कारण अक्काचा सूर त्याच्या कितीतरी वर असतो. सूं सूं ला मात्र हात लावावयाचा नाहीं, असें आमचें दोघांचें ठरलें आहे. मूळ मुद्रण जसेंच्या तसें निराळें ठेवावयाचें, हेंहि.

आतां रोज दुपारीं तीन वाजतां, अक्काची वामकुक्षी झाल्यावर, अर्धा तास हें काम चालतें. त्या वेळीं पंखा बंद, मोबाइल फोन ओटीवर, आणि रेफ्रिजरेटर बंद करून पुनः आठवणीनें चालू करण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे. आजपर्यंत ६२ ओव्या झाल्या. काल अक्काला एकीचा शेवटचा चरण आठवेना, म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवून पुढें गेलों. आज सकाळीं देवापाशीं फुलें वाहतांना तिला तो आठवला आणि तिनें तेथूनच हांक मारली. परंतु लॅपटॉप पुतण्याबरोबर कचेरींत गेला होता. तो येईपर्यंत चरण निसटूं नये म्हणून आम्हीं तो तूर्त पंचांगाच्या कडेला लिहून घेतला आहे.