कर्र आवाज येणारच

प्रोसेसर बसवताना आजही माझा श्वास थोडा अडकतो. वीस वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोटमाळ्यावर काम शिकलो, तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दाबायचा नाही. सोडायचा." कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, कडेने धरून प्रोसेसर अलगद सोडायचा. आपल्या जागी तो आपसूक बसतो.

इंटेलने २००४ साली प्रोसेसरच्या पोटाखालच्या पिना काढून सॉकेटात नेल्या. एएमडीच्या घरगुती प्रोसेसरांत हे व्हायला २०२२ उजाडलं. पूर्वी धक्का लागला की प्रोसेसर जायचा, आता बोर्ड जातो, एवढाच फरक. एलजीए १७०० सॉकेटात नावाप्रमाणे सतराशे पिना असतात. तिरका उजेड टाकला की शेतातल्या ओळींसारख्या दिसतात. एक ओळ जरा वेगळी चमकली की पोटात गोळा येतो.

मग दांडी खाली घ्यायची. कर्र आवाज होतो आणि नवी पोरं इथेच हात काढून घेतात. पण हा दाब हवाच, त्याशिवाय सगळ्या पिना टेकत नाहीत.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, बास. प्रोसेसर आणि वरचा पंखा यांच्या धातूंमधल्या बारीक फटींत हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. गोधडीत ऊब राहते ती त्याच हवेमुळे. पेस्ट त्या फटी भरायला असते. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नसते.

एकदा घाईत जुन्या, पिनावाल्या मशीनचा पंखा सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर दांडी न उघडताच सॉकेटातून उपटून आला. चूक सर्वस्वी माझी. मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि पंखा हलकेच पिळून सोडवायचा, हे ठाऊक असून केलं नाही. वाकलेल्या अकरा पिना पेन-पेन्सिलीतलं शिसं काढून, तिच्या टोकाच्या नळीने एकेक सरळ केल्या. दीड तास गेला. गिऱ्हाईक शेजारी बसून चहा पीत होतं, त्याला काहीच सांगितलं नाही.

इंटेलच्या डब्यातल्या पंख्याला चार पाय. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले जोडीने दाबायचे. वरचा बाण पाहून लोक स्क्रूसारखे पिळतात. बाणाच्या दिशेने पिळला तर पाय सुटतो!

परवा दुकानातला पोरगा चौथा पाय दाबत होता. बोर्ड वाकला तसा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"दाब," म्हटलं.

"काका, तुटेल."

"दाब रे."

टक् झालं. बोर्ड उलटा करून चारही पाय पलीकडे आल्याचं पाहिलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर 'सीपीयू फॅन एरर'. पंख्याची वायर लावायची राहिली होती.