माया किती ठेवायची?

लग्नसराई सुरू झाली, की घरी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारात पिशव्यांची रांग लागते. प्रत्येक पिशवीत एक ब्लाऊजपीस, मापाचा एक जुना ब्लाऊज आणि 'परवापर्यंत हवाच हं' असा निरोप. साडीला जोडून आलेला पीस साधारण 80 सेंटिमीटरचा. तेवढ्यातच पाठ, पुढची बाजू, बाह्या आणि पट्ट्या बसवायच्या. कात्री चुकली, तर तोच रंग नि तोच काठ बाजारात शोधून मिळत नाही. आणि ब्लाऊज कितीही सुबक शिवला, पण लग्न होऊन गेल्यावर हातात पडला, तर नवरीला त्याचा काय उपयोग? बोलणी दोन्हीकडून बाईलाच खावी लागतात. शिलाई मात्र ठरलेली; काम दोन तासांत होवो की चार.

अशा घाईत पहिली काट मारली जाते ती अस्तर भिजवण्यावर.

"आई, अस्तर भिजवायचं राहिलंय. तसंच लावू का? उद्या द्यायचंय," मदतीला बसलेली मुलगी विचारते.

आई मशीनवरून नजर न काढता म्हणते, "सुती आहे ना? मग आधी बादलीत टाक. वाळेपर्यंत दुसरे दोन बेतून घे."

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. वरचे कापड आटले नाही आणि आतले अस्तर आटले, की गळ्याशी, मुंढ्याशी चुण्या पडतात. मग कितीही इस्त्री फिरवा. भिजवण्यात हात गुंततात ते दोन मिनिटे, बाकीचे काम उन्हाचे. पॉलिएस्टरच्या अस्तराला मात्र याची गरज नाही. तिथेही बादली शोधणारी बाई नेटकी नव्हे, नुसती सवयीची गुलाम.

टीपेचेही असेच आहे. धान्याच्या पोत्याचे तोंड बहुधा साखळी टाक्याने शिवलेले असते. नेमके टोक सापडले, की ओढताच सर्रकन उसवते. पोते उघडायचेच असते, म्हणून तिथे तो टाका अगदी योग्य. घरच्या मशीनचा टाका वेगळा. त्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात, त्यामुळे एका जागी तुटला तरी सगळी शिवण भराभर सुटत नाही. असा टाका घालणाऱ्या मशीनचे पेटंट इलायस होव यांनी 1846 मध्ये अमेरिकेत घेतले. तरीही शिवणीच्या टोकांना मागेपुढे दोन-चार टाके घालून ती पक्की करावीच लागते. एवढाही वेळ वाचवायचा, म्हणजे निव्वळ आळस!

कच्चा धावदोरा मात्र प्रत्येक ठिकाणी हवा असे नाही. बाजूच्या सरळ शिवणीला दोन टाचण्या पुरतात. बाही मुंढ्याला जोडताना गोलाईचे कापड ताणले जाते, तिथे तो घातलेला बरा. नाहीतर उसवण्यात अर्धा तास जातो, आणि रेशमावर सुईची भोके राहतात ती वेगळीच.

खरा वेळ वाचतो तो भलतीकडेच. एका रंगाच्या दोऱ्याचे चार ब्लाऊज एकदम घ्यायचे, म्हणजे दोरा आणि बॉबिन चारदा बदलायला नको. आधी सगळ्यांचे टक्स, मग सगळ्यांचे खांदे. हूक लावायचे काम रात्री टीव्हीसमोर बसून.

राहता राहिली माया. शिवणीच्या आत जास्तीचे कापड सोडायचे, त्याला आपल्याकडे हा किती गोड शब्द आहे! गळ्याला ती जास्त ठेवली तर कापड नीट वळत नाही, म्हणून तिथे ती थोडी, आणि कात्रीने बारीक कातरे देऊन. बाजूला मात्र इंचभर तरी हवी. दोन वर्षांनी तीच नवरी बाळाला कडेवर घेऊन येते आणि हसत म्हणते, "काकू, जरा सैल करून द्याल?" बाजूची टीप उसवायची, अर्धा इंच बाहेर दुसरी मारायची. ती चहा पिईपर्यंत ब्लाऊज तयार.