एका घरात दोन कर्ते

घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणतात. यंत्रांनाही ज्या घरात ती नांदतात त्या घराचा गुण लागतो की काय, असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे.

आमच्या घरात दोन चुली झाल्या त्याला दोन वर्षे झाली. खाली आम्ही आणि आजी. वर काका-काकू आणि त्यांची मुले. भांडी वाटली गेली, विजेचा मीटर वेगळा झाला, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचेही दिवस ठरले. सामाईक उरले ते इंटरनेटचे कनेक्शन तेवढे. बिल निम्मे-निम्मे केले तरच ते दोन्ही घरांना परवडते, म्हणून! मूळ राउटर खाली आमच्या बैठकीत. वर त्याचा जोर पोहोचेना, तेव्हा काकांनी पैठण गेटहून दुसरा राउटर आणला आणि जिन्यातून तार ओढून तो खालच्याला जोडला. त्या दिवसापासून आजीचे कीर्तन अडखळू लागले.

अडखळण्याची तऱ्हाही विचित्र. टीव्ही सुरू होई, बुवा निरूपणाला लागत, पाच-दहा मिनिटे सुरळीत जात. मग बुवांचा हात वर तो वरच आणि मध्यभागी ते गोल गोल फिरणारे चक्र! आजी म्हणे, "१९८७ साली रामायण लागायचं तेव्हा मुंग्या आल्या की गच्चीवर जाऊन अँटेना तरी फिरवता यायची. आता फिरवायचं काय?" घरात कॉलेजला जाणारी मी एकटी, तेव्हा असल्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे असलीच पाहिजेत, असा घरात सर्वमान्य समज आहे. मी भूगोल आणि मराठी शिकते, हे कोण लक्षात घेतो?

कंपनीच्या माणसाने फोनवर एकच मंत्र दिला : बंद करून चालू करा. गंमत म्हणजे त्याने काही वेळ गुणही येई. का येई, हे शोधताना मूळ दुखणे सापडले.

दोन्ही डब्यांचा पत्ता एकच होता : १९२.१६८.१.१. हे आकडे घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवलेले. १९९६ साली तसा संकेतच ठरला. म्हणून लाखो घरांतल्या राउटरचा पत्ता तोच असतो आणि काही बिघडत नाही. सिडकोत एन-६ मध्ये बारा नंबरचे घर असले आणि एन-७ मध्येही असले, तर पोस्टमन गोंधळत नाही. पण एकाच गल्लीत दोन बारा नंबर झाले तर? आमच्या टीव्हीचे तेच झाले होते. बाहेरची वाट दाखवणारा कोण, असे तो विचारी आणि "मीच" असे उत्तर दोघेही देत. खालच्याचे ऐकले तर कीर्तन. वरच्याचे ऐकले तर वाट बंद, कारण वरच्याला बाहेर जायला स्वतःचा रस्ताच नाही. टीव्ही थोडे चित्र आगाऊ साठवून ठेवतो, म्हणून साठा संपेपर्यंत काही कळत नसे. त्यात भर म्हणजे घरातल्या यंत्रांना क्रमांक वाटण्याचे कामही दोघे आपापल्या मर्जीने करीत. बंद करून चालू केले की कोणी आधी उत्तर दिले, यावर आजीचे नशीब ठरे.

खात्री करण्यासाठी एका रविवारी वर सांगून मी तार काढली. कीर्तन अखंड चालले. वर मात्र चुलतभावाचा ऑनलाइन तास बुडाला आणि काकूंचा आवाज जिन्यातून आला, "आता हेही तोडायचं ठरलंय का तुमचं?" आईने काहीच उत्तर दिले नाही. आजीने टीव्ही बंद केला.

उपाय दहा मिनिटांचा होता. वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, क्रमांक वाटण्याचे त्याचे काम (डीएचसीपी म्हणतात ते) बंद करायचे आणि तार पुन्हा लावायची. दोघांच्या लहरी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून खालच्याला चॅनेल एक, वरच्याला अकरा. अडचण उरली ती काकांची परवानगी.

"म्हणजे आमचा डबा दोन नंबरचा?" काका म्हणाले.

"दोन नंबरचा नाही काका, क्रमांक दोनचा."

"वाटप बंद म्हणजे तुम्ही द्याल ते घ्यायचं."

"वाटप खालचा करील, पण दोघांना सारखंच. वर वायफायला तुम्ही दिलेलं नाव तसंच राहील."

काका बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. वाटणीच्या वेळी कागदावर सही करतानाही ते असेच बसले होते. मग त्यांनी डबा उलटा करून त्याखालचा पासवर्ड मला स्वतः वाचून दाखवला. एकेक अक्षर, सावकाश.

पुढच्या महिन्यात काकू निम्मे बिल घेऊन खाली आल्या तेव्हा कीर्तन रंगात आले होते. एरवी पैसे कट्ट्यावर ठेवून त्या परत जात. त्या दिवशी दाराशीच थांबल्या. आजीने टीव्हीवरची नजर न काढता शेजारची सतरंजी हाताने झटकली आणि थोडी सरकली.