ओला कोपरा

वऱ्हाडात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, नाव मागाहून. येथल्या उन्हाचा मानच तसा आहे. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की काळ्या रानाला भेगा पडतात आणि पुण्या-मुंबईचा माणूस परतीची गाडी शोधू लागतो. अशा मुलखात समुद्राकडच्या नात्यातला प्राणी घरात पाळला आहे, असे सांगितले तर कोणीही हसेल.

पण हा प्राणी सर्वांच्या पाहण्यातला आहे. तुळशीची कुंडी किंवा न्हाणीजवळचा दगड उचलावा. खाली ज्वारीच्या दाण्याएवढे, करडे, खवल्याखवल्यांचे जीव सैरावैरा पळू लागतात. काही जाती बोट लागताच अंग गुंडाळून गोळी होतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘आयसोपॉड’, म्हणजे सारख्या पायांचे, म्हणतात. पाय चौदा. हे कीटक नव्हेत. यांची सोयरीक खेकड्या-झिंग्यांशी. यांचे पूर्वज समुद्र सोडून कोरड्यावर आले खरे, पण समुद्र पुरता सुटला नाही. पोटाखालच्या पातळ पाकळ्या ओल्या राहिल्या, तरच यांना श्वास घेता येतो. मादीच्या छातीखाली पाण्याने भरलेली पिशवी असते आणि अंडी तीतच वाढतात. माहेर सोडताना पोरीने समुद्राची ओंजळ बरोबर आणावी, तसे हे.

काचेत रान वसवण्याची कल्पना जुनी आहे. १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीत ठेवला. त्या मातीत आपोआप नेचा उगवला आणि डॉक्टरसाहेब पतंगाला विसरून नेच्याच्या नादी लागले!

आमच्या अमरावतीच्या घरातली पेटी साधीच आहे. तळाशी माती, वर सागाचा वाळका पाला, बाभळीच्या सालीचा एक तुकडा, आणि कवचाला चुना लागतो म्हणून पूर्णाकाठच्या मातीतले चुनखडीचे चार खडे. एका कोपऱ्यात ओले शेवाळ, बाकीची पेटी कोरडी. सगळीच भिजवली तर बुरशी माजते. सगळीच वाळू दिली तर जीव वाळतात. हे प्राणी पाला खाऊन त्याची माती करतात. कात टाकतात तीही दोन हप्त्यांत, आधी मागची अर्धी, मग पुढची. आणि चुना वाया जाऊ नये म्हणून ती खाऊनही टाकतात. वऱ्हाडी गृहिणीने पाठ थोपटावी अशी ही काटकसर!

अमरावतीहून परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट पावसाळ्यात चढावा. पाल्याखाली जिकडेतिकडे ओल; तेथे पेटीची गरजच नाही. उलट बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याकडे निघावे, तर उत्तरेला पूर्णेचे खोरे पसरलेले, म्हणजे खारपाणपट्टा. तेथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. विहीर भरलेली आणि घागर रिकामी, असा तेथला पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार.

त्या पट्ट्यात जन्म गेलेल्या एक आजीबाई आमच्याकडे आल्या होत्या. मी शेवाळावर पाणी शिंपडत होतो. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “मास्तर, या किड्यायले रोज गोड पानी देऊन राहिले जी तुम्ही? आमच्या गावात लेकरायलेबी भेटत नव्हतं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मनाला लागले.

तेव्हापासून पेटीसाठी पागोळ्यांचे पाणी धरून ठेवतो. आकाशातून पडणारे पाणी खारपाणपट्ट्यातही गोडच असते. ते अडवावे लागते, एवढेच. म्हणून तर त्या भागात शेततळ्याला एवढे मोल. आणि झाडाखालचा पाला झाडून त्याला काडी लावण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तीही आता मला बघवत नाही. पाला मृगापर्यंत तसाच राहू दिला, तर त्याच्या सावलीत ओल टिकते, आणि पहिल्या पावसाबरोबर चौदा पायांचे ते मजूर बिनबोभाट कामाला लागतात. मोठा पाऊस आपल्या हाती नाही. एक ओला कोपरा राखणे मात्र आहे.